तेच की तसेच?

दिवाळीत फराळाचे ताट शेजारी जाते आणि चार दिवसांनी शेजारच्या करंज्या घेऊन परत येते. करंज्या डब्यात काढून झाल्या की आपली गृहिणी ते ताट उलटे करून तळाशी कोरलेले नाव वाचते. ताट तेवढेच मोठे असते, तितकेच जड असते, काठही तसाच असतो. तरी नाव वाचल्याखेरीज ती ते फळीवर ठेवीत नाही. ताट 'तसेच' असणे निराळे आणि 'तेच' असणे निराळे, हे तिला पक्के ठाऊक असते.

हा फरक मराठी मुलाला कोणी शिकवीत नाही. मराठीचा अध्यापक म्हणून इतकी वर्षे खडू झिजवला, पण आम्हीही तो कधी शिकवला नाही. तो मुलांना दुधाच्या दातांबरोबर येतो. परंतु जावा नावाची संगणकाची भाषा नव्याने शिकणारी मुले ज्या अडचणींपायी रात्री जागवतात, त्यांतली सर्वांत फसवी अडचण नेमकी हीच आहे. यंदाच्या पावसाळ्यात आम्हांला तिची ओळख बरीच जवळून करून घ्यावी लागली.

मराठीच्या मास्तराने जावाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या सौभाग्यवतींनाही तो पडला होता. त्याचे उत्तर असे, की आमची धाकटी बहीण वाईला असते. मेहुणे गेल्यावर तिने घरच्या घरी फराळाचा व्यवसाय उभा केला. आश्विन लागला की तिच्या स्वयंपाकघरात सोऱ्याला विश्रांती नसते. त्या चकल्यांच्या आणि अनारशांच्या पैशांवर तिचा मुलगा पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आला आणि आमच्याकडे राहू लागला. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, गणितात चांगला, बोलायला कमी. गणपतीचे दिवस होते. आरती झाल्यावर तो आमच्या खोलीत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "मामा, मी हे शिक्षण सोडतो. आईचे पैसे वाया चाललेत. माझं डोकं यात चालत नाही."

दिवाळीत आईच्या उपयोगी पडावा म्हणून त्याने एक प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. कोणत्या ग्राहकाने काय मागवले, किती वजन, किती दर, बिल किती, एवढाच मामला. यंत्राने त्यात सतरा चुका दाखवल्या होत्या. सतरा चुका म्हणजे डोके नाही, असा त्याचा हिशेब.

सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "तुम्ही काय सांगणार आहात त्याला? संधी आणि समास?" आम्ही तेच सांगितले म्हणाना. त्याला म्हटले, "काय लिहिले आहेस ते एकेक ओळ मोठ्याने वाच. मराठीत वाच. मला काही येत नाही, तेव्हा मला कळेल असे वाच."

प्रोग्रॅम चालण्यापूर्वी तो कंपायलर नावाच्या एका तपासनिसाच्या हाताखालून जातो. हा तपासनीस जुन्या शास्त्र्यांच्या वळणाचा आहे. तुमच्या मनात काय आहे याची त्याला पर्वा नाही; कागदावर काय आहे तेवढेच तो पाहतो. त्याची पहिली तक्रार होती, 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल', म्हणजे हे नाव मला कुठे सापडत नाही. वजनासाठी मुलाने इंग्रजी नाव ठेवले होते. ते नाव पहिल्यांदा जाहीर करताना त्याच्या स्पेलिंगात दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती, आणि पुढे सतरा ठिकाणी ते बरोबर लिहिले होते. चूक एक, तक्रारी सतरा! ती एक जागा दुरुस्त केली आणि सतराही तक्रारी नाहीशा झाल्या. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला, की फक्त पहिली तक्रार वाचायची, ती मिटवायची आणि पुन्हा तपासायला द्यायचे. बाकीच्या तक्रारी पुष्कळदा पहिलीची पिलावळ असतात. आणखी एक गंमत. तपासनीस ज्या ओळीवर बोट ठेवतो तिथेच चूक असेल असे नाही. महिरपी कंस मध्येच कुठेतरी मिटायचा राहिला, तर बिचारा अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाट पाहतो आणि तिथे गाव संपले म्हणून ओरडतो.

मग आम्ही सहज विचारले, "ही नावे मराठीत ठेवली तर चालत नाहीत का?" मुलगा हसला. हसता हसता त्याने करून पाहिले, आणि ती चालली! जावाने आरंभापासूनच जगातल्या बहुतेक लिप्यांची अक्षरे नावांसाठी मान्य केली आहेत. पन्नासाच्या आसपास राखीव शब्द आहेत, 'इफ', 'न्यू' यांसारखे. ते इंग्रजीतच लिहावे लागतात. बाकी 'वजन', 'दर', 'बिल' ही नावे खुशाल देवनागरीत ठेवावीत. फाइल मात्र यूटीएफ-८ या पद्धतीने साठवावी. २०२२ साली आलेल्या १८व्या आवृत्तीपासून जावा तीच पद्धत गृहीत धरते. यंत्राला शुद्धलेखन कळते असा आमचा क्षणभर समज झाला होता, पण तो फोल ठरला. 'बिल' हा शब्द दीर्घ लिहिला तरी त्याची हरकत नसते, फक्त शेवटपर्यंत दीर्घच लिहावा लागतो. आमच्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांकडून एवढी निष्ठाही आम्हांला कधी लाभली नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत नावे इंग्रजीत लागतात, पुढे नोकरीतही लागतील. देवनागरी नावे हा पांगुळगाडा आहे हे आम्ही जाणतो. पण चालायला शिकणाऱ्या मुलाला पांगुळगाडा देऊ नये असे थोडेच आहे?

तपासनिसाच्या तावडीतून सुटलेला प्रोग्रॅम चालू लागला आणि खरे दुखणे पुढे आले. आता तक्रार कोणी करीत नव्हते, उत्तर मात्र चुकत होते. चकलीचा दर धरला ४०० रुपये किलो. दीड किलोचे बिल ६०० व्हावे, ते ४०० आले. अर्ध्या किलोचे बिल आले शून्य! म्हणजे अर्धा किलो मागवणाऱ्यांना ताई चकल्या फुकट वाटणार. मुलाने ओळ वाचून दाखवली, "वजन भागिले हजार, गुणिले दर." सूत्र बिनचूक. पण वजन ग्रॅममध्ये आणि पूर्णांकात ठेवलेले होते, आणि जावात पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच येते, अपूर्णांक सरळ टाकून दिला जातो. १५०० भागिले १००० म्हणजे १. ५०० भागिले १००० म्हणजे ०, आणि शून्याला कितीही दराने गुणले तरी शून्यच. आधी दराने गुणून मग हजाराने भागले, की ६०० आणि २०० ही उत्तरे बरोबर येतात. दर असे वेडेवाकडे असतील की रुपयांखाली पैसे उरतील, तर सगळा हिशेबच पैशांत करावा हे उत्तम.

दुसरी चूक एका चिन्हाची होती. बिल २००० रुपयांच्या वर गेले तर १०० रुपये सूट द्यायची होती. प्रत्यक्षात पाव किलो शेव नेणारालाही सूट मिळत होती. 'जर'ची अट संपल्यावर मुलाने सवयीने अर्धविराम टाकला होता. त्यामुळे वाक्य असे झाले: 'बिल २००० च्या वर असेल तर काही करू नका. आता सूट द्या.' शब्द तेच, अर्थ पार पालटला. विरामचिन्हांचे महत्त्व वर्गात समजावताना आम्हांला इतके चोख उदाहरण कधी सुचले नव्हते.

आता जावाचे जे वैशिष्ट्य सांगतात, वस्तूनिष्ठ रचना, तिच्याकडे येऊ. ही कल्पना जावाची नव्हे. जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने जगापुढे ठेवली आणि तिचे श्रेय मुख्यतः जेम्स गॉसलिंग यांना देतात. कल्पनेचे मूळ त्याआधीचे, नॉर्वेतले. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर्ड या दोघांनी ऑस्लो येथे १९६०च्या दशकात सिम्युला ही भाषा रचली. खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल यंत्रात उतरवावी हा तिचा उद्देश होता. म्हणून प्रोग्रॅममध्येही जगासारख्या वस्तू असाव्यात, प्रत्येकीला स्वतःची माहिती आणि स्वतःची कामे असावीत, असे त्यांनी ठरवले.

पाठ्यपुस्तकात 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' समजावताना साचा आणि मोदक यांचा दाखला देतात. आम्हांला तो तितकासा रुचत नाही, कारण मोदक स्वतः काही करीत नाही. पावतीपुस्तक बरे. छापील कोऱ्या पावतीचा नमुना म्हणजे क्लास. नाव, पदार्थ, वजन भरून फाडलेली पावती म्हणजे ऑब्जेक्ट. आणि 'न्यू' हा शब्द म्हणजे नवी पावती फाडणे. प्रत्येक पावती आपले बिल आपण सांगते, एवढी तिची ऐट समजा.

मुलाने दहा ऑर्डरींची रांग मांडली, पहिलीला बिल विचारले, आणि प्रोग्रॅम कोसळला. 'नलपॉइंटरएक्सेप्शन' हे ते कुप्रसिद्ध नाव. रांग मांडणे म्हणजे दहा रिकामे डबे फळीवर ठेवणे; त्यांत फराळ आपोआप येत नाही. प्रत्येक डब्यात 'न्यू' म्हणून ऑर्डर घालावी लागते. तोवर तिथे 'नल', म्हणजे काहीच नाही. हे 'काहीच नाही' १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत टोनी होर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आणले, आणि २००९ साली एका व्याख्यानात त्यांनीच त्याला आपली शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. २०२० सालापासून जावा निदान कोणता डबा रिकामा निघाला ते नावानिशी सांगते. तो संदेश नीट वाचला की अर्धे काम होते. डबे मोजताना शून्यापासून मोजायचे, म्हणजे दहावा डबा हा नऊ क्रमांकाचा, हे एकदा अंगवळणी पडले की पडले.

त्यानंतरची तक्रार ऐकून मात्र आमच्यातला वैयाकरण जागा झाला. नॉन-स्टॅटिक गोष्टीचा उल्लेख स्टॅटिक ठिकाणाहून करता येत नाही, असे काहीसे लांबलचक वाक्य होते. मुलगा म्हणाला, "मी मुख्य भागातून नुसतं 'बिल काढ' असं म्हटलं." आम्ही विचारले, "कोणाचे?" तो गप्प. क्रियापद आहे आणि कर्त्याचा पत्ता नाही! मुख्य भाग क्लासच्या मालकीचा असतो. तिथे कोणतीच एक पावती हातात नसते. म्हणून 'ह्या ऑर्डरीचे बिल काढ' असे नाव घेऊन सांगावे लागते.

पण मित्रांनी त्याला सोपा उपाय सुचवला होता, सगळ्यांना 'स्टॅटिक' लावून टाक. त्याने लावले, तक्रार मिटली, आणि संध्याकाळी दहाही ग्राहकांच्या नावावर पाव किलो शेव दिसू लागली. स्टॅटिक म्हणजे पावतीवर नव्हे, पावतीपुस्तकाच्या वेष्टनावर लिहिलेले. तिथे जागा एकच. शेवटच्या ग्राहकाचे वजन लिहिले की आधीचे सगळे पुसले गेले. चूक दिसत असते तोवर माणूस सावध असतो. अशा उपायाने ती नुसती पडद्याआड जाते, हे आम्हांला अधिक भयंकर वाटते.

आणि आता ते ताट. ताईच्या दोन ग्राहकांची मागणी सारखीच होती. मुलाने पहिली ऑर्डर केली आणि दुसरीसाठी लिहिले, 'दुसरी = पहिली'. मग दुसरीचे वजन दोन किलो केले, तर पहिलीचेही दोन किलो झाले. त्याला वाटले होते की बरोबर-चिन्हाने नक्कल होते. जावात तसे होत नाही. त्याच पावतीला दुसरे नाव मिळते. घरी ज्याला बाळ म्हणतात आणि शाळेच्या पटावर ज्याचे भारदस्त नाव असते, तो मुलगा एकच. बाळाचे केस कापले तर पटावरच्या मुलाचे लांब कसे राहतील?

याची दुसरी बाजू अधिक फसवी. प्रोग्रॅमने पदार्थाचे नाव विचारले, ताईने वाईला आपल्या संगणकावर 'चकली' असे लिहिले, आणि उत्तर आले की असा पदार्थ नाही. तिचा फोन आला, "दादा, याच्या यंत्रात सगळं आहे, चकलीच तेवढी नाही म्हणतंय!" मुलाने पुण्यात दहा वेळा तपासले होते आणि दहाही वेळा चकली सापडली होती. झाले होते असे. तुलनेसाठी त्याने दोन बरोबर-चिन्हे, ==, वापरली होती. वस्तूंच्या बाबतीत हे चिन्ह 'तसेच आहे का' असे विचारत नाही, 'तेच आहे का' असे विचारते. प्रोग्रॅमच्या मजकुरातच लिहिलेले सारखे शब्द जावा काटकसरीने एकच प्रत करून ठेवते; मुलाने चाचणीचे शब्द तिथेच लिहिले होते, म्हणून तेव्हा ते 'तेच' होते. ताईने टंकलेली चकली हा नवा शब्द झाला, अक्षर न अक्षर तसाच, पण तोच नव्हे. 'तसेच का' हे विचारायला जावात 'इक्वल्स' अशी निराळी सोय आहे. आम्ही मुलाला ताटाचा दाखला दिला. तो दोन क्षण आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मामा, हे एवढंच होतं?"

एवढेच नव्हते. यादीत ठेवलेल्या वजनांची त्याने == नेच तुलना केली, तेव्हा १०० आणि १०० सारखे ठरले, पण ५०० आणि ५०० निराळे ठरले! यंत्राला वेड लागले असे कोणालाही वाटेल. कारण असे, की यादीत आकडा ठेवताना त्याचीही वस्तू करावी लागते, आणि उणे १२८ पासून १२७ पर्यंतच्या आकड्यांच्या वस्तू जावा तयार ठेवते आणि त्याच पुन्हा पुन्हा देते. त्यापलीकडचा आकडा सहसा दर वेळी नवा घडवला जातो. म्हणून लहान आकड्यांवर तपासलेला प्रोग्रॅम मोठ्या आकड्यांवर दगा देतो. इथेही औषध 'इक्वल्स'च.

आणि ऑर्डरींचे काय? ताईने विचारले, "गणपती आळीतल्या काकूंनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एक किलो चिवडा. ही तीच ऑर्डर समजू, की तशीच दुसरी?" दुसरी असेल आणि सोडली तर काकू रागावणार, तीच असेल आणि दोनदा केली तर एक किलो चिवडा अंगावर पडणार. जावाला याचे उत्तर ठाऊक नाही. दोन ऑर्डरी 'तशाच' केव्हा म्हणायच्या ते लिहिणाराने ठरवून द्यावे लागते. शेवटी मुलाने प्रत्येक ऑर्डरीला क्रमांक दिला. पुढचा क्रमांक कोणता हे मात्र वेष्टनावर लिहिले, म्हणजे स्टॅटिक. तो शब्द तिथे शोभला. आणि सारखी ऑर्डर पुन्हा आली की प्रोग्रॅम आता ताईलाच विचारतो. काकूंना फोन करून खात्री करून घेणे हे काम अजून माणसाकडेच आहे.

किरकोळ अडचणी अनेक निघाल्या. आकडा वाचून घेतल्यावर लगेच नाव विचारले तर नाव रिकामेच राहते, कारण आकड्यानंतर दाबलेल्या एंटरची खूण मागे उरलेली असते आणि पुढची आज्ञा तीच ओळ समजून उचलते. मधे एक ओळ वाचून सोडून दिली की झाले.

परदेशात प्रोग्रॅम लिहिणारे काही लोक टेबलावर रबराचे बदक ठेवतात आणि अडले की त्याला एकेक ओळ समजावून सांगतात. 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या १९९९ सालच्या पुस्तकाने ही चाल प्रसिद्ध केली. आमच्याकडे बदकाचे काम आम्ही केले. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे मूल असेल, तर त्यांनाही हे काम जमण्यासारखे आहे, त्यासाठी जावा यावी लागत नाही, "कोणाचे?", "मग पुढे?" एवढे विचारता यावे लागते. हल्ली चुकलेला प्रोग्रॅम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या सेवेपुढे टाकला की दुरुस्त होऊन हातात पडतो. जाणत्याचा वेळ त्यात वाचत असेल. पण पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हाती ते गाईड आहे. उत्तर मिळते, आणि आपण 'तेच' विचारले होते की 'तसेच', हे कळायचे राहून जाते.

नवरात्रात प्रोग्रॅम वाईला गेला. ताई अजून वहीतही लिहिते आणि रात्री दोन्ही ताडून पाहते. आम्हांला तो तिचा अविश्वास मुळीच गैर वाटत नाही. कॉलेज सोडण्याचा विषय मुलाने पुन्हा काढलेला नाही. परवा तिचा फोन आला, "सगळं ठीक आहे रे, पण अनारसे मी वजनावर देत नाही, नगावर देते. ते यात कुठे घालू?" मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही, नेहमीप्रमाणे, काही बोललो नाही. तो जरा वेळ बोटाने टेबलावर रेघा ओढीत राहिला आणि म्हणाला, "आई, ऑर्डरचेच दोन प्रकार करावे लागतील. बिल दोघीही सांगतील, पण प्रत्येकीची रीत वेगळी असेल. उद्यापर्यंत थांब."